विसाव्याची वाटणी

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत चोरी, खोटी साक्ष, लोभ, क्रोध यांच्यावर पानेच्या पाने खर्ची पडलेली दिसतात. मात्र मनुष्य सुट्टीच्या दिवशी काय करतो आणि जे केले ते इतरांना कसे सांगतो, हा विषय ग्रंथकार सहसा दोनचार ओळींत उरकतात. वस्तुतः माणसाची पारख कामापेक्षा सुट्टीत अधिक होते, असे आम्हांस वाटते. कामाच्या ठिकाणी पोटाची गरज, वरिष्ठांचा धाक आणि घड्याळाचे काटे त्याला सरळ ठेवतात. सुट्टीत तो मोकळा असतो. म्हणून आम्ही येथे एक अगदी साधा विषय घेतला आहे. शरद ऋतूतील शनिवार-रविवारी निव्वळ हौसेखातर सायकलीवरून लांबवर फिरून येणारी माणसे, आणि परतल्यावर आपल्या सफरीची हकिगत एकमेकांना सांगण्याची त्यांची सवय. या सवयीत गर्व किती आणि दान किती, हा आमचा प्रश्न.

उदाहरणासाठी आपण इटलीच्या उत्तरेस, लोंबार्दी प्रांतात जाऊ. त्याला कारण आहे. सायकल आणि कॅथलिक श्रद्धा यांची गाठ तेथे जेवढी घट्ट बसली आहे तेवढी अन्यत्र क्वचितच आढळेल. कोमो सरोवराला खालच्या बाजूस दोन फाटे फुटतात. त्या बेचक्यात बेलाजियो हे गाव आहे. गावातून निघालेला रस्ता डोंगर चढत चढत ७५४ मीटर उंचीवरच्या एका खिंडीत पोहोचतो. खिंडीत पवित्र मरियेचे एक लहानसे जुने देऊळ आहे. घिसाल्लो नावाच्या सरदारावर वाटेत लुटारूंनी हल्ला केला, तेव्हा त्याने पवित्र मातेच्या प्रतिमेकडे धाव घेतली व त्याचे प्राण वाचले, अशी दंतकथा आहे. त्यावरून ती 'घिसाल्लोची माता' झाली आणि वाटसरू तिला आपली राखणदार मानू लागले. पुढे याच चढावरून सायकलींच्या शर्यती जाऊ लागल्या. तेथील धर्मगुरू डॉन एर्मेलिंदो विगानो यांनी पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये पोप पायस बारावे यांनी घिसाल्लोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले.

देवळात गेल्यावर प्रथम दिसतात त्या भिंतींवर टांगलेल्या सायकली. फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली या एकमेकांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सायकली तेथे एकाच छपराखाली आहेत. आणखी एक सायकल आहे, मोडून वाकडी झालेली. ती फाबियो कासार्तेल्ली याची. हा कोमोचाच मुलगा. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये त्याने रस्त्यावरील शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. पुढे तीनच वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, फ्रान्सच्या शर्यतीत पिरेनीज पर्वतातील एका उतारावर पडून तो गेला. शेजारच्या भिंतीवर रस्त्यावर मृत्यू पावलेल्या कितीतरी सामान्य सायकलस्वारांची लहान लहान छायाचित्रे आहेत. देवळाबाहेर ब्राँझचे एक स्मारक आहे. त्यात दोन सायकलस्वार आहेत. एकाने विजयाने हात उंचावला आहे; दुसरा खाली पडला आहे. शिल्पकाराने दोघांनाही जागा दिली, हे आम्हांस विशेष आवडते.

दर ऑक्टोबरात लोंबार्दीची मोठी शर्यत होते. १९०५ साली सुरू झालेल्या या शर्यतीला इटालियन लोक लाडाने 'पानगळीची शर्यत' म्हणतात, आणि घिसाल्लोचा चढ हे तिचे जणू हृदय आहे. पण आमचे लक्ष शर्यतीकडे नाही. शर्यतीच्या आधीच्या आणि नंतरच्या शनिवार-रविवारी त्याच रस्त्यावर जी शेकडो सामान्य माणसे येतात त्यांच्याकडे आहे. बँकेतले कारकून, शाळामास्तर, गवंडी, सेवानिवृत्त आजोबा. डोंगरउतारावरची चेस्टनटची झाडे पिवळी-तांबूस झालेली असतात, सरोवरावर धुके असते, आणि वळणांवर ओल्या पानांचा थर साचल्याने चाक घसरण्याची भीती असते. बेलाजियोतून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर चढ छातीवर येतो. मध्ये रस्ता दया करतो, थोडा सपाट होतो. आणि देवळाजवळ येता येता पुन्हा उभा राहतो. वर पोहोचल्यावर बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. माणूस सायकल टेकवून ठेवतो, टोपी काढून देवळात डोकावतो, क्रुसाची खूण करतो, बाहेर येऊन घाम पुसतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागतो: आज धुके असे होते, त्या वळणावर मागचे चाक घसरलेच होते, अमुक गावच्या विहिरीपाशी थांबलो. तो दुसराही आपले सांगतो. दोघांनाही ऐकण्याची घाई नसते.

आता पहिला आक्षेप आमच्या कष्टाळू वाडवडिलांच्या बाजूने येईल. ज्या माणसाने आठवडाभर शेतात किंवा कारखान्यात अंग मोडले त्याला हे वेड कळणार नाही. कोठे जायचे नाही, काही आणायचे नाही, आणि घाम मात्र गाळायचा! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्याचे उत्तर सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळ आणि करमणूक यांत सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न स्वतंत्रपणे घेतला आणि होकारार्थी उत्तर दिले. तेथे ते एक कथा सांगतात. प्रेषित योहान शिष्यांसमवेत खेळत असल्याचे पाहून काही लोकांचे मन दुखावले. तेव्हा योहानाने त्यांतील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडण्यास सांगितले. त्याने अनेक बाण सोडले. हे असेच अखंड चालू ठेवता येईल काय, असे विचारता तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने सुचविले. संत थॉमस येथेच थांबत नाहीत. स्वतः कधी गंमत न करणारा आणि दुसऱ्याची गंमत सहन न करणारा मनुष्यही दोषी ठरू शकतो, असे ते पुढे सांगतात. आमच्या काही गंभीर भाविकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे!

तेव्हा सायकलीची हौस निर्दोष आहे. खरा गुंता आहे तो सांगण्याचा. मराठीतील 'वाटणे' हे क्रियापद मोठे गमतीचे. मनाला काही भासते तेही वाटणे, जवळचे चारचौघांत देतो तेही वाटणे (आणि पाट्यावर चटणी करतो तेही वाटणेच!), आणि जिच्यावरून चालायचे ती वाट त्याच्या शेजारीच उभी. सायकलस्वार आपली वाट वाटतो, असे म्हटले तर ते केवळ शब्दांचे खेळणे होणार नाही. कारण जगातील वस्तू दोन प्रकारच्या असतात. भाकरी वाटली की आपल्या वाट्याची कमी होते. आनंद वाटला की कमी होत नाही, उलट सांगणाऱ्याच्याच हाती तो नव्याने येतो. घिसाल्लोच्या खिंडीत धुक्याची गोष्ट सांगणाऱ्याने स्वतःचे धुके गमावलेले नसते.

शुभवर्तमानात याला आधार आहे. संत मार्क सहाव्या अध्यायात सांगतात की प्रेषित आपल्या फेरीवरून परतले आणि त्यांनी केलेले व शिकविलेले सर्व काही येशूला सांगितले. त्यांना गप्प राहण्यास त्याने सांगितले नाही. त्याने ऐकून घेतले आणि लगेच, आता एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असे म्हटले. सांगणे आणि विसावणे ही दोन्ही तेथे एकाच श्वासात आली आहेत. जे केले ते कोणीतरी आपुलकीने ऐकून घेतल्याशिवाय विसावा पुरा होत नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

मग गर्व कोठे शिरतो? येथेही संत थॉमस यांचीच मदत घ्यावी लागते. कीर्तीची इच्छा पोकळ केव्हा ठरते, याची तीन ठिकाणे ते दाखवितात. ज्या गोष्टीबद्दल कीर्ती हवी ती गोष्टच क्षुल्लक असेल तर. ज्याच्याकडून कीर्ती हवी त्याला पारख नसेल तर. आणि मिळणारी कीर्ती देवाच्या गौरवाकडे किंवा शेजाऱ्याच्या भल्याकडे न वळता स्वतःपाशीच थांबत असेल तर. स्वतःतील चांगले ओळखणे हे मात्र पाप नव्हे, असेही ते स्पष्ट करतात. ही तीन मापे आजच्या सायकलस्वारांना लावून पाहावीत.

आज बहुतेकांच्या हँडलवर किंवा खिशात एक यंत्र असते. किती किलोमीटर, किती वेग, किती चढ, हृदयाचे ठोके किती, हे सारे ते टिपते आणि घरी पोहोचण्यापूर्वीच शेकडो लोकांना कळविते. एकेका चढावर सर्वांत वेगवान कोण, याची यादीही तयार होते. या यंत्राविषयी आमची तक्रार नाही. आकडा हा खोटे बोलत नाही. तक्रार आहे ती एवढीच, की आकड्यात ऐकणाऱ्याला जागा नसते. 'अमुक वेगाने चढलो' या वाक्यात दुसऱ्याने काय करावे? एकतर मान तुकवावी किंवा त्याहून वेगाने चढून दाखवावे. याउलट 'त्या वळणावर ओली पाने आहेत, जपून जा' हे वाक्य सरळ शेजाऱ्याच्या भल्याकडे जाते. एकाच सफरीची ही दोन वाक्ये. पहिल्यात सांगणारा रस्त्याच्या पुढे उभा राहतो, दुसऱ्यात रस्ता सांगणाऱ्याच्या पुढे. हौशी लोकांनाही हे उमगलेले असते. पॅरिसच्या एका जुन्या सायकल-मंडळाच्या नियमांनुसार दूरच्या सफरी होतात. आपल्या मुंबई-पुण्याचे लोकही त्यांत हौसेने उतरतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्याची नोंद घ्यायची. पण पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक तेथे लावतच नाहीत. सात तासांत आलेला आणि तेरा तासांत आलेला, दोघांनाही मान सारखाच. आमच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील शेवटच्या तासाच्या मजुरांना हा नियम फार आवडला असता.

आता बार्तालीकडे वळू. त्याच्यावाचून हा विषय अपुरा राहील. जिनो बार्ताली फ्लॉरेन्सजवळचा. फ्रान्सची मोठी शर्यत त्याने १९३८ साली जिंकली आणि मध्ये महायुद्ध होऊन गेल्यावर १९४८ साली पुन्हा जिंकली. कार्मेल संघाच्या तिसऱ्या श्रेणीचा हा सदस्य. त्याची श्रद्धा जगजाहीर होती. महायुद्धाच्या काळात, १९४३-४४ मध्ये, तो फ्लॉरेन्सहून असिसीकडे सायकलीवरून दूरदूर जात असे. पाहणाऱ्यांना वाटे, सराव चालला आहे. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्टा यांनी छळात सापडलेल्या यहुदी लोकांना वाचविण्यासाठी जे जाळे विणले होते, त्यासाठी बार्ताली सायकलीच्या नळ्यांत खोटी ओळखपत्रे लपवून नेत असे, असे पुढे उघडकीस आले. २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने त्याला 'राष्ट्रांतील नीतिमान' हा सन्मान दिला. या कथेतील काही तपशिलांविषयी इतिहाससंशोधकांत अलीकडे वाद आहेत. ते त्यांनी सोडवावेत. आमच्या विषयाला महत्त्वाचे हे, की बार्ताली २००० साली वारला तोपर्यंत त्याने या सफरींची जाहीर वाच्यता केली नाही. मुलाला थोडे सांगितले, तेही इतरांना न सांगण्याच्या अटीवर.

वरवर पाहता बार्तालीचे मौन खिंडीतल्या बडबड्या सायकलस्वारांना लाजविणारे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. बार्ताली शर्यतींविषयी भरभरून बोले. बडबड्या म्हणूनच तो प्रसिद्ध होता. चढ, उतार, पंक्चर, कोप्पीची खोड, सारे तो सांगे. मौन होते ते फक्त दयेच्या कृत्यांविषयी. आनंद सांगायचा असतो, कारण तो सर्वांचा होऊ शकतो. दयाकृत्य सांगायचे नसते, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला एक गरजवंत माणूस उभा असतो आणि त्याची लाज आपल्या हाती ठेव म्हणून असते. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची आज्ञा दानधर्माविषयी आहे, सहलीविषयी नव्हे.

आम्ही मात्र नेमके उलटे करतो. देवळातील बाकांवर, पंख्यांवर, घंटेवर, दिव्यांच्या खांबांवर आपल्याला नावे वाचावयास मिळतात. एखाद्या देवळाच्या भिंतीवरील संगमरवरी फरशी वाचू लागावे तर मिस्सा संपून जाईल! आणि हीच माणसे स्वतःचा निर्मळ आनंद सांगताना संकोचतात. गेल्या रविवारी पहाटे किनाऱ्यावर उभे राहिलो आणि फार बरे वाटले, असे चारचौघांत म्हणणे आपल्याकडे पोरकटपणाचे समजले जाते. दान गाजवावे आणि आनंद लपवावा, ही रीत आपण कोठून उचलली ते कळत नाही. शुभवर्तमानातून तर नव्हे.

ही चर्चा आम्ही इटलीतच ठेवली असती. परंतु पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून आपल्या रस्त्यांवरही पहाटेच्या काळोखात दिव्यांची रांग दिसू लागते. मुंबईकडून घोडबंदरच्या बाजूने, वसई-विरारच्या आतल्या रस्त्यांनी, अंगावर दव घेत ही मुले-मुली येतात. आपल्या घरांतलीही त्यांत आहेत. त्यांतील एका तरुणाने आम्हांस विचारले, "फादर, शनिवारी संध्याकाळची मिस्सा केली तर रविवारी सकाळी सायकलीवर जायला हरकत नाही ना?" नियम स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे आदल्या संध्याकाळच्या मिस्सेत सहभागी झाल्यानेही कर्तव्य पुरे होते. आम्ही त्यास होय म्हटले. त्याने पळवाट शोधली असे आम्ही मानत नाही. पळवाट शोधणारा विचारावयास येत नाही.

पण त्याच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रभूच्या दिवसाविषयी जे पत्र लिहिले, त्यात त्यांनी 'वीकएंड' आणि 'प्रभूचा दिवस' यांतील फरक दाखविला आहे. वीकएंडची त्यांनी निंदा केली नाही. मनुष्याला विरंगुळा लागतो हे ते जाणत होते. ते स्वतः डोंगरदऱ्यांत हिंडणारे होते, तरुणांसमवेत नौका वल्हविणारे होते. त्यांची चिंता ही, की रविवार केवळ आठवड्याचा शेवट झाला तर माणूस आपल्या क्षितिजापलीकडे पाहूच शकणार नाही. वीकएंड माझा असतो. प्रभूचा दिवस आमचा असतो.

आणि 'आमचा' म्हटले की सायकलीवरचा आणखी एक मनुष्य आठवावाच लागतो. गोव्यात त्याला पोदेर म्हणतात, इकडे पाववाला. पहाटे हौशी स्वारांची रांग निघते त्याच सुमारास तोही भोंगा वाजवीत निघतो. सायकल तीच, रस्ता तोच, चढ तोच. पाठीमागे टोपली किंवा पेटी. त्याचे किलोमीटर कोणी मोजत नाही. रविवारी तर त्याचे काम वाढते, कारण आपल्या घरी पाहुणे असतात. धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला त्यात ख्रिस्ती माणसाला बजावले आहे, की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या त्याच्याकडे करू नयेत. 'अनावश्यक' हा शब्द पुरेसा अवघड आहे. पाव अनावश्यक म्हणता येणार नाही. परंतु सफर संपल्यावर उपाहारगृहात तासन्तास बसून पोऱ्याला धावविणे, त्याला एका शब्दाने न विचारणे, याचे उत्तर आपले आपणच द्यावे. आनंद वाटल्याने कमी होत नाही, हे खरे. पण विसावा भाकरीसारखा आहे. माझ्या वाट्याला अधिक आला, तेव्हा तो कोणाच्या तरी वाट्यातून आलेला असतो. वाटणी करायची तर याची करावी लागेल. काही ठिकाणी पाववाल्याला महिन्यातील एक रविवार मोकळा मिळावा म्हणून आळीतील घरांनी आदल्या संध्याकाळीच पाव घेऊन ठेवायला काय हरकत आहे? शिळा पाव आमच्या लहानपणी चहात बुडवून खात असत. त्याने कोणाचे बिघडले नाही.

सायकलस्वारांच्या घरच्यांचेही असेच. बापाने रविवारी पहाटे चारला निघून दुपारी एकला परतायचे आणि आईने मुलांना न्हाऊमाखू घालून, जेवण रांधून, मिस्सेला नेऊन आणायचे, हा विसावा नीट वाटलेला नाही. काही जोडपी आळीपाळीने जातात, हे आम्ही पाहिले आहे. काही ठिकाणी सर्वांत हळू चालविणाऱ्याला पुढे घालून त्याच्या वेगाने सारे जातात आणि नऊच्या मिस्सेआधी परत येतात. घामेजलेले, चिखलाचे शिंतोडे उडालेले, मागच्या बाकावर बसतात. आम्ही वेदीवरून पाहतो. त्या कपड्यांबद्दल दोन वडीलधाऱ्यांनी आमच्याकडे तक्रार केली. आम्ही ती ऐकून घेतली.

एक गोष्ट मात्र खटकते. हीच मुले शेकडो अनोळखी लोकांना आपली सफर फोनवरून आकड्यांसह कळवितात. दुपारी जेवणाच्या मेजावर ताटात सोरपोतेल वाढता वाढता आई विचारते, "आज कुठवर गेला होतास रे?" आणि मान वर न करता उत्तर येते, "असंच. जरा लांब."